गाताना श्वास पुरत नाही, कंबर धरते

पत्राचा सारांश: वय ४७. सहकारी बँकेत नोकरी, दिवसभर काउंटरवर. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर शाळेत असताना सुटलेलं गाणं पुन्हा सुरू केलं, आता गाण्याच्या 'मध्यमा पूर्ण' परीक्षेची तयारी चालू आहे. रोज संध्याकाळी तासभर रियाज. वीसेक मिनिटं झाली की कंबर धरते. विलंबित ख्यालात श्वास पुरत नाही, सम यायच्या आधीच तुटतो. गाणं शिकवणाऱ्या बाई सांगतात, 'पोक काढू नकोस, ताठ बस.' ताठ बसलं की श्वास आणखीच वर अडकतो. यजमान म्हणतात, खुर्चीवर बस; पण बाईंसमोर खुर्चीवर बसणं जिवावर येतं. मुलीने खांदे मागे ओढणारा पट्टा ऑनलाइन मागवून दिला आहे. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले, 'वयानुसार थोडी झीज आहे.' तेव्हापासून धास्ती बसली आहे. ताठ बसायची सवय कशी लावू? पट्टा वापरू का? की या वयात मांडी घालून गाणं झेपणारच नाही असं समजून परीक्षेचा नाद सोडू?

परीक्षेचा नाद सोडू नका. दुसऱ्या कुठल्या कारणाने सोडावासा वाटला तर तो तुमचा प्रश्न, पण पत्रात लिहिलेल्या कंबरेसाठी सोडायची गरज मला दिसत नाही.

कंबर आणि श्वास हे दोन वेगळे त्रास आहेत असं धरून तुम्ही लिहिलं आहे. कंबरेला वय जबाबदार, श्वासाला कमी रियाज जबाबदार, आणि दोन्हींवर उपाय एकच, ताठ बसणं. मला मात्र दोन्ही त्रासांचं मूळ पाठीच्या खाली, तुमच्या बैठकीत दिसतं. पाठ बिचारी बैठक ठेवील तशी राहते.

आज रियाजाला बसाल तेव्हा एवढंच बघा. नेहमीसारखी मांडी घाला आणि मान खाली घालून गुडघे कुठे आहेत ते पाहा. खुब्यांपेक्षा वर, अधांतरी असतील तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. मांडी घालायची तर खुब्याचे सांधे बाहेरच्या बाजूला पुरेसे उघडावे लागतात. वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून ते आखडतात. मग गुडघे खाली जात नाहीत आणि त्याची भरपाई म्हणून ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा मागे कलतो. वजन बैठकीच्या दोन हाडांवरून सरकून माकडहाडाच्या बाजूला जातं. कंबरेला आतल्या बाजूने जी नैसर्गिक कमान असते ती सपाट होते, बऱ्याचदा उलटी बाहेर येते. त्यावर रचलेली छाती खाली बसते, मान पुढे येते. यालाच बाई पोक म्हणतात.

यात श्वासाचं काय होतं? फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो, श्वासपटल. शांत श्वासाचं बहुतेक काम तोच करतो. त्याच्या कडा खालच्या बरगड्यांना जोडलेल्या असतात हे अनेकांना माहीत असतं. पण मागच्या बाजूने त्याचे दोन जाड पट्टे थेट कंबरेच्या वरच्या मणक्यांवर उतरतात, उजवा पहिल्या तीन मणक्यांवर आणि डावा पहिल्या दोन. म्हणजे श्वासाच्या मुख्य स्नायूचं एक टोक कंबरेतच रोवलेलं आहे. श्वास घेताना हा घुमट खाली उतरतो, पोटातले अवयव खाली आणि पुढे सरकतात, खालच्या बरगड्या बाजूंना फुलतात. पोक काढून बसलं की बरगड्या पोटावर टेकतात, पोटाची घडी होते, घुमटाला उतरायला जागाच उरत नाही. अशा बसण्यात फुप्फुसात मावणारी हवा आणि ती बाहेर सोडायचा जोर, दोन्ही कमी होतात. मोजून पाहिलेली गोष्ट आहे ही.

मग बाईंची हाक येते आणि तुम्ही ताठ होता. कसं? छाती वर, खांदे मागे, पोट आत. खाली ओटीपोट मात्र तसंच मागे कललेलं. म्हणजे खालची बैठक मागे ओढते आहे आणि पाठीचे स्नायू वरचं सगळं धड पुढे तोलून धरताहेत. एक क्षणही न सोडता. वीस मिनिटांनी ते ठणकले तर त्यात वयाचा काय दोष? शिवाय पोट आत खेचलेलं, त्यामुळे घुमटाची वाट पुन्हा बंद. श्वास मग गळ्याजवळच्या हाडांपाशी घुटमळतो, मानेचे स्नायू मदतीला येतात, प्रत्येक श्वासाला खांदे उचलले जातात, गळा आवळतो. पोक काढली तरी श्वास अडतो आणि ताठ झालं तरी अडतो, ही तुमची तक्रार अगदी खरी आहे.

बाई चुकीचं सांगत नाहीत, हेही म्हणायला हवं. ज्यांचं बालपण जमिनीवर बसून जेवण्यात, अभ्यासात आणि तंबोऱ्यापाशी गेलं त्यांचे खुबे मोकळे असतात. त्यांना ताठ बसायला काही करावं लागत नाही. त्यामुळे 'ताठ बस' ऐकून समोरची शिष्या अंगाचा किती आटापिटा करते हे त्यांच्या लक्षात यायला मार्गच नसतो.

आता करायचं काय ते. घरातली सतरंजी किंवा जाड चादर घ्या आणि घट्ट घडी घाला. चार बोटं उंचीपासून सुरुवात करा. मऊ गादी, उशी, सोफ्याचा कुशन नको. वजनाने ते दबतात आणि आपण आहोत तिथेच राहतो. घडीच्या मधोमध बसू नका, पुढच्या कडेवर बसा, मांड्या घडीच्या पुढे उतरू द्या. हात खाली घालून दोन्ही बाजूंचं मांस किंचित मागे सारा म्हणजे बैठकीची दोन टोकदार हाडं लागतील. त्यांवर पुढे-मागे दोन-चारदा हलकं झुला आणि जिथे पाठीला काहीच करावं लागत नाही असं वाटेल तिथे थांबा. गुडघे खुब्यांच्या बरोबरीने किंवा थोडे खाली आले पाहिजेत. आले नाहीत तर घडी आणखी वाढवा. सहा बोटं लागली, आठ लागली, लागू द्या. गुडघे तरीही अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा, नाहीतर मांडीचे स्नायू तासभर गुडघे सांभाळत बसतील. कुठला पाय आत आणि कुठला बाहेर, हे दर बैठकीला बदला.

आणि नाडी सैल करा. हसू नका. परकराची किंवा सलवारची नाडी करकचून बांधून गायला बसलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. बेंबीच्या पातळीवर दोरी आवळायची आणि वर 'पोटातून श्वास घे' म्हणायचं! परीक्षेला साडी नेसून जाणार असाल तर त्याच परकरात आधी एकदा रियाज करून बघा.

माझ्या शब्दांवर विश्वास ठेवू नका, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पाहा. तुमच्या पट्टीतला सा लावा. आधी पोक काढून, मग छाती काढून पोट आत ओढून, मग घडीच्या कडेवर पोट सैल सोडून. प्रत्येक वेळी एकाच आवाजात, गळ्यावर जोर न देता, जेवढा सहज टिकेल तेवढाच. मध्ये दोन-चार साधे श्वास घ्या. सेकंद लिहून ठेवा. तिसऱ्या वेळी दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर, अंगठे मागे अशा बेताने ठेवलेत तर श्वास आत जाताना तळवे बाजूला सरकतात की नाही तेही कळेल. सरकत असतील आणि खांदे जागचे हलत नसतील, तर काम होतंय.

खाली घडी घेऊन बसणं म्हणजे आपल्यात काही कमी आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी घोंगड्यांच्या घड्या, लोड, लाकडी ठोकळे, पट्टे हे सगळं योगासनांच्या शिकवणीत मानाने आणलं. बैठ्या आसनांत खाली घडी घ्यायची ही तिथली रोजची रीत, आणि प्राणायामाची सुरुवातही आधी पाठीखाली आधार घेऊन, आडवं पडून करायची. ज्यांच्या शरीराच्या लवचीकतेची जगभर चर्चा झाली त्यांच्या शिकवणीत घडीला जागा असेल तर तुम्हाला-मला लाज कसली?

खुर्चीचा प्रश्न मी तुमच्या यजमानांइतका सोपा मानत नाही. बाईंसमोर जमिनीवर बसण्यात तुम्हाला अदब वाटते आणि ती सोडताना मन खातं, हे मला समजतं. खुर्ची हा एकमेव पर्याय असता तर मीही सांगितलं असतं की अदब मनात ठेवा आणि खुर्चीवर बसा. उतारवयात खुर्चीवर बसून मैफली केलेले गवई रसिकांनी पाहिलेच आहेत. पण तुमची वेळ तशी आलेली नाही. आधी उंच आसनावर महिनाभर बसून बघा. घरच्या रियाजाला खुर्ची वापरायला मात्र काहीच हरकत नाही, फक्त घरात असते ती प्लॅस्टिकची खुर्ची नको. तिची बैठक मागे खोल गेलेली असते, तिच्यात बसलं की ओटीपोट पुन्हा मागे कलतं आणि सगळं रामायण पहिल्यापासून सुरू. सपाट लाकडी खुर्ची किंवा स्टूल घ्या, पुढच्या अर्ध्या भागात बसा, तळपाय जमिनीवर पूर्ण टेकू द्या, खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर असू द्या.

बाईंना हे कसं सांगायचं? 'माझी कंबर दुखते' म्हणालात तर त्या काळजीने म्हणतील, झेपेल तेवढंच कर. 'बाई, आसन थोडं उंच घेतलं तर श्वास खाली उतरतो असं जाणवलं, तुम्ही एकदा ऐकून सांगता का?' असं विचारा. गाण्याच्या कानाने त्या निवाडा करतील, आणि तो माझ्या निवाड्यापेक्षा वरचा. विलंबित एकतालात श्वास कुठे घ्यायचा, बोल कुठे तोडायचे, सम गाठायला किती राखून ठेवायचं, हे त्यांचं क्षेत्र. तिथे मी नाक खुपसणार नाही.

आता धास्तीबद्दल. एक्सरेतली झीज हा तुमच्या दुखण्याचा पुरावा नाही. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांचे स्कॅन काढले तरी चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसते. केस पिकण्यासारखंच आहे ते. 'चुकीचं बसलं की चकती दबते, मणका खराब होतो' ही भीती मात्र आपल्याकडे घट्ट बसली आहे, आणि तिला इतिहास आहे. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन या अस्थिशल्यविशारदाने १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून आतला दाब मोजायला सुरुवात केली. त्यांच्या मोजमापांवरून झालेला तक्ता प्रसिद्ध आहे: उभं असताना दाब १०० धरला तर बसल्यावर १४० आणि पुढे वाकून बसल्यावर १८५. बसणं वाईट, हे तिथून डोक्यात गेलं. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या निरोगी माणसाच्या कंबरेच्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचाली मोजल्या. उभं राहताना ०.५ मेगापास्कल, आधाराशिवाय सैल बसल्यावर ०.४६, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८३. आणि खुर्चीच्या पाठीला टेकून चक्क लोळत बसल्यावर ०.२७! एकाच माणसावरचं मोजमाप आहे, त्यावरून कायदा करता येणार नाही. पण लोळत बसणाऱ्या मुलांवर ओरडणाऱ्या आयांना (मीही त्यात आले) ते पचायला जड जातं.

लोळत बसून गा असं मला म्हणायचं नाही. गाण्यासाठी बसणं वेगळं, कारण तिथे श्वासाला जागा हवी. पण एक जरा वाकडं बसलं म्हणून मणका मोडत नाही, हे एकदा मनात पक्कं झालं की पाठीला सतत कडक ठेवायची गरज राहत नाही. आणि त्या कडकपणानेच दुखणं वाढतं, हे मी रोज पाहते.

मणक्याला बाधतं ते तासन्‌तास एकाच जागी थिजून राहणं. मोठ्या माणसांच्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; आजूबाजूच्या ऊतकांमधून झिरपत येणाऱ्या द्रवावर त्यांचं पोषण चालतं, आणि हालचालीने दाब कमी-जास्त होत राहिला की त्याला मदत होते. म्हणून तुमच्या रियाजाच्या एका तासापेक्षा बँकेतल्या सात-आठ तासांची मला जास्त काळजी वाटते. तुमची कंबर रियाजाच्या विसाव्या मिनिटाला बोलते, पण ती सकाळी दहापासून ऐकून घेत असते. काउंटरवर खुर्ची इतकी वर घ्या की कोपर टेबलाच्या पातळीला येतील, आणि मग पाय लोंबकळत असतील तर खाली जुन्या खतावण्यांचा गठ्ठा ठेवा. अर्ध्या तासाने एकदा उठा. उठायला निमित्त लागतं हे मला माहीत आहे, रांग समोर उभी असताना हात-पाय ताणत बसता येत नाही. पासबुक छापायला स्वतः उठा, प्रिंटआउट आणायला शिपायाला पाठवू नका, पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता लांब ठेवा.

घरी आल्यावर लगेच तंबोऱ्यापुढे बसू नका. जमिनीवर उताणं पडा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे आणि खुबे काटकोनात. एक हात पोटावर. दहा मिनिटं काही करू नका, श्वासाला आपणहून खाली उतरू द्या. पडल्यावर कंबर जमिनीला सैल टेकते, पाठीच्या स्नायूंना सुट्टी मिळते आणि श्वासपटलाला त्याची चाल पुन्हा आठवते. मग रियाज. तोही सलग तास नको. खर्ज बसून लावा, पंधरा मिनिटांनी उठा, पलटे खोलीत फिरत म्हणा, मग बंदिशीला पुन्हा बसा. खुबे मोकळे व्हायला महिने लागतात. रोज थोडा वेळ भिंतीला पाठ टेकून, तळव्याला तळवा लावून बद्धकोणासनात बसलात तरी पुरे. गुडघे हाताने दाबू नका.

पट्टा परत करता आला तर करा. खांदे मागे ओढणारा पट्टा छातीला बांधून ठेवतो आणि खाली कललेल्या ओटीपोटाला त्याचा काही उपयोग नाही. कंबरेचा रुंद पट्टा कधी तीव्र दुखण्यात डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, ते ठीक; पण तो बांधून गायचं म्हणजे पोटाला पुन्हा कुलूप. मुलीला वाईट वाटेल तर सांगा, त्या पैशांत चांगली घोंगडी पाठव.

एक गोष्ट पत्रात नाही, म्हणून मी विचारते. जिना चढतानाही धाप लागते का? पाळी अलीकडे जास्त जाते का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असेल तर कितीही छान बसलं तरी श्वास पुरणार नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या, थायरॉइडही, आणि पूर्वी कधी दमा होता का हे डॉक्टरांना सांगा. कंबरेचंही तसंच. दुखणं गुडघ्याच्या खाली पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना लटकं पडत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, ताप किंवा कारण नसताना वजन कमी होणं सोबत असेल तर बसायचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

हे वाचणाऱ्या भजनी मंडळातल्या, पारायणाला बसणाऱ्या, तबला शिकणाऱ्या मंडळींनाही यातलं बरंचसं लागू आहे. पोथी मांडीवर घेऊन तासन्‌तास मान घालून बसण्यापेक्षा ती लाकडी स्टँडवर, छातीच्या जवळपास उंचीला ठेवा. इगतपुरीला विपश्यनेला जाणाऱ्यांनी तिथे मिळणारी उशी किंवा खुर्ची पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. चौथ्या दिवशी कण्हत मागण्यात काही पुण्य नाही.

आणि तुमची पेटी. रियाजाला स्वतःच पेटी वाजवता असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. डावा हात भात्याला, उजवा पट्ट्यांवर, नजर खाली. म्हणजे धड एका बाजूला पिळलेलं आणि पुढे झुकलेलं. आसन उंच केल्यावर पेटी आणखी खाली जाईल आणि तुम्ही आणखी वाकाल. म्हणून घडी घ्याल त्याच दिवशी पेटीखाली पाट किंवा बुटका चौरंग घ्या. खर्ज आणि आलापीला तर पेटी बंदच ठेवा, मोबाइलवरचा तंबोरा पुरतो, आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे राहतात.